सहकार आणला जर्मनीतून, ठेवीदाराची हमी मात्र तिकडेच राहिली : सहकार खात्यास खुले पत्र

प्रति,
मा. सहकार मंत्री, महाराष्ट्र राज्य, मुंबई
मा. सहकार आयुक्त व निबंधक, सहकारी संस्था, महाराष्ट्र राज्य, पुणे

विषय : पतसंस्थांतील ठेवींचे संरक्षण, लेखापरीक्षकाची नेमणूक आणि अवसायनाची मुदत

महोदय,

नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यात एका पतसंस्थेच्या बंद शटरवर नुकताच एक आदेश चिकटवला गेला. अवसायकाला, म्हणजे बंद पडलेली संस्था गुंडाळून तिची देणी भागवायला नेमलेल्या अधिकाऱ्याला, आणखी एक वर्षाची मुदतवाढ मिळाली आहे. आदेश मी दोनदा वाचला. त्यात कलमे आहेत, जावक क्रमांक आहे, प्रती कोणाकोणाला पाठवल्या त्यांची यादी आहे. ठेवीदारांना पैसे कधी आणि किती मिळणार, याबद्दल एक ओळही नाही. याआधीच्या मुदतवाढीतही ती नव्हती. अर्ज करून झाले, बैठकांना बसून झाले. आता हे पत्र सगळ्यांसमोर लिहीत आहे, कारण हा प्रश्न एका संस्थेचा राहिलेला नाही.

मी याच तालुक्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात वाणिज्य शाखेला 'सहकार' हा विषय शिकवून निवृत्त झाले. त्या पतसंस्थेत माझ्या निवृत्तीच्या रकमेचा मोठा वाटा अडकला आहे. माझ्या सासूबाईंनी स्वतः साठवलेली ठेवही तिथेच आहे. त्या ८१ वर्षांच्या आहेत आणि त्यांची औषधे त्या ठेवीच्या मासिक व्याजातून येत. आमचे कसेबसे भागते, मला निवृत्तिवेतन आहे. ज्यांचे भागत नाही, त्यांच्यासाठी मुख्यतः लिहिते आहे. आठवडे बाजारात भाजी विकणारी बाई रोज पिग्मीला थोडे थोडे देत होती. पेठ-सुरगाण्याकडून द्राक्षबागांच्या छाटणीला येणारी माणसे घरी पैसे नेताना वाटेत हरवतील या भीतीने इथल्याच खात्यात ठेवून जात. एका कुटुंबाने कांद्याच्या चांगल्या हंगामात हाती आलेली रक्कम मुलीच्या लग्नासाठी दामदुप्पटला लावली होती. मुलीचे लग्न झाले, कर्ज काढून. पावती अजून त्यांच्या कपाटात आहे.

एका सरकारी कार्यालयात आम्हाला ऐकवले गेले की पतसंस्था म्हणजे बँक नव्हे, जास्त व्याजाच्या लोभाने तुम्ही तिथे गेलात. हे मला मान्य नाही. राष्ट्रीयीकृत बँकेपेक्षा व्याज टक्का-दीड टक्का जास्त होते, एवढे खरे. पण भाजीवाली बाई व्याजासाठी गेली नव्हती. पिग्मी एजंट तिच्या पाटीपर्यंत यायचा, ती बँकेच्या रांगेत उभी राहिली असती तर तिचा दिवस बुडाला असता. आणि त्या संस्थेच्या पाटीवर काय लिहिले होते? नोंदणी क्रमांक, 'महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमान्वये नोंदणीकृत', आणि ठळक अक्षरांत 'ऑडिट वर्ग अ'. नोंदणी शासनाची, लेखापरीक्षकांची नामतालिका (मान्य यादी) शासनाची, वर्ग शासनाच्या निकषांवर. लोकांनी शासनावर विश्वास ठेवला. त्याला लोभ म्हणणे अन्यायाचे आहे.

आता मुद्द्यावर येते, आणि तो मांडण्यासाठी मला थोडे मागे जावे लागेल.

वर्गात मी दरवर्षी रायफायझन शिकवत असे. १८४६-४७ च्या हिवाळ्यात जर्मनीतल्या वेस्टरवाल्ड भागात पीक बुडून उपासमार झाली. वायरबुश या छोट्या गावाचा तरुण महापौर फ्रीडरिश विल्हेल्म रायफायझन याने गावातल्या सधन लोकांकडून पैसे उभे केले, गरिबांना उधारीवर पीठ दिले, गावासाठी भट्टी उभारली. पुढे फ्लामर्सफेल्ड गावी गुरांच्या व्यवहारात शेतकऱ्याला नागवणाऱ्या सावकारांविरुद्ध त्याने मदत मंडळ काढले. १८६४ साली हेडेसडोर्फला त्याने जी संस्था उभी केली ती आजच्या पतसंस्थेची मूळ आई म्हणता येईल: कर्ज घेणारे स्वतःच सभासद, कार्यक्षेत्र गावापुरते, पदाधिकारी बिनपगारी, नफा वाटून न घेता राखीव निधीत, आणि एकाच्या कर्जाला सगळ्यांची अमर्याद जबाबदारी. शहरातल्या कारागिरांसाठी आणि छोट्या व्यापाऱ्यांसाठी हेर्मान शुल्झ यांनी डेलिचमध्ये १८५० सालीच असेच काम सुरू केले होते.

त्या काळात आपल्याकडे काय चालले होते? १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या पेढ्यांवर चाल करून कर्जखते जाळली, आणि लोण पुणे-नगर पट्ट्यात पसरले. १८७९ साली दख्खन शेतकरी संरक्षण कायदा आला. त्याने खटले बदलले, पत मिळाली नाही. १८९२ मध्ये मद्रास सरकारने फ्रेडरिक निकल्सन या अधिकाऱ्याला युरोपातल्या शेती-पतपुरवठ्याचा अभ्यास करायला सांगितले. त्यांच्या अहवालाचे दोन खंड १८९५ आणि १८९७ मध्ये आले, आणि शेवटी सार दोन शब्दांत होते: रायफायझन शोधा. त्यातून पुढे १९०४ चा सहकारी पतसंस्था कायदा झाला. म्हणजे आपल्या पतसंस्थेची कूळकथा सरळ जर्मनीच्या एका गावात जाते. हे मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहिले आहे. आज ठेवीदार म्हणून त्याच इतिहासाकडे बघताना मला दिसते, की संस्था आणताना दोन गोष्टी आणायच्या राहिल्या.

पहिली गोष्ट लेखापरीक्षणाची. जर्मनीत १ मे १८८९ चा सहकारी कायदा झाला तेव्हाच प्रत्येक सहकारी संस्थेचे बाहेरच्या परीक्षकाकडून नियमित परीक्षण सक्तीचे झाले. तो परीक्षक संस्था निवडत नसे. ती एखाद्या परीक्षण संघाची सभासद असेल तर संघ नेमायचा, नसेल तर न्यायालय नेमायचे. १९३४ मध्ये संघाचे सभासदत्वच सक्तीचे झाले. तो काळ हिटलरच्या राजवटीचा होता, त्या राजवटीने सहकारी चळवळीचाही गळा आवळला होता, आणि त्या काळाचे गुणगान मला करायचे नाही. पण युद्धानंतर लोकशाही जर्मनीने हा नियम विचारपूर्वक कायम ठेवला, हे महत्त्वाचे. आजही तिथे नवी सहकारी संस्था नोंदवायची तर आधी परीक्षण संघाचे मत जोडावे लागते. परीक्षक फक्त हिशेबाच्या वह्या तपासत नाही, कारभार नीट चालला आहे का हेही त्याला तपासावे लागते. अहवाल सर्वसाधारण सभेपुढे ठेवावा लागतो, संघाचा प्रतिनिधी त्या सभेला बसू शकतो, आणि गरज पडली तर संघ स्वतः सभा बोलावू शकतो.

आपल्या १९०४ च्या कायद्यात परीक्षण होते, पण ते निबंधकाने वर्षातून एकदा करायचे होते. सुरुवातीला संस्था थोड्या होत्या, निबंधक गावोगावी जायचे, चालले. संस्था वाढल्या तसे खाते पुरे पडेना. मग सहकारी संस्थांविषयीची ९७ वी घटनादुरुस्ती आली आणि २०१३ मध्ये आपल्या अधिनियमात बदल झाला. आता शासनमान्य नामतालिकेतून लेखापरीक्षक निवडायचा अधिकार संस्थेच्या सर्वसाधारण सभेला आहे. ऐकायला लोकशाही वाटते. प्रत्यक्षात त्या सभेत काय होते, हे आपल्याला ठाऊक आहे. विषय वाचला जातो, 'मंजूर, मंजूर' असे दोन-चार आवाज येतात, चहा-फराळ होतो. परीक्षकाचे नाव संचालक मंडळाने आधीच ठरवलेले असते, त्याची फीही संस्थाच देते. ज्याची परीक्षा घ्यायची त्यानेच परीक्षक ठरवायचा ही पद्धत मी शिक्षिका म्हणून कुठल्याच परीक्षेत चालू दिली नसती.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी आहे. १३ जुलै १९३१ रोजी बर्लिनची डानाट बँक बंद पडली आणि जर्मनीतली सगळी बँकव्यवस्था हादरली. त्या धक्क्यातून जी सुधारणा झाली, तिच्यात सहकारी बँकांनी १९३४ मध्ये आपसांत हमी निधी उभा केला. कोणीही सहकारी बँक अडचणीत आली तर बाकीच्या सगळ्यांनी मिळून तिला सावरायचे. हा निधी सरकारी पैशाचा नाही, बँकांच्या वर्गणीचा आहे, आणि ज्या बँकेचा कारभार जास्त धोक्याचा तिची वर्गणी जास्त. लेखापरीक्षण करणारा संघ आणि हा निधी एकमेकांशी जोडलेले आहेत. म्हणजे परीक्षणात एखादी लबाडी सुटली तर ती भरून काढायला त्याच कुटुंबाच्या खिशातून पैसे जातात. परीक्षक सावध राहतो त्याचे खरे कारण हे आहे. स्थापनेपासून आजवर या व्यवस्थेतल्या कोणाही ठेवीदाराला ठेवीपोटी तोटा सोसावा लागलेला नाही, असे तिथला राष्ट्रीय संघ सांगतो. मधल्या काळात एक महायुद्ध झाले, देशाचे दोन तुकडे झाले आणि पुन्हा एक झाले, हे लक्षात घेतले की या वाक्याचे वजन कळते.

तिथले संचालक देवमाणसे आहेत, असे मी म्हणत नाही. २०२३-२४ मध्ये थुरिंगिया प्रांतातली एक सहकारी बँक आपल्या भागापासून लांबच्या मालमत्ता व्यवहारांत कर्ज देऊन गोत्यात आली. सरकारी नियंत्रकाने तिथे आपला माणूस बसवला, निधीने हात दिला, ठेवी शाबूत राहिल्या. चूक तिकडेही होते, लोभ तिकडेही आहे. पण तिथे त्याची किंमत भाजी विकणारीला मोजावी लागत नाही.

आपल्याकडे ही जागा रिकामी का राहिली, याचा मी खूप विचार केला आहे. माझे मत असे की सरकार सुरुवातीपासून या जागेवर उभे राहिले, म्हणून संस्थांनी आपसांत काही बांधलेच नाही. १९५४ मध्ये गोरवाला समितीचा ग्रामीण पतपाहणी अहवाल आला. १९०४ च्या कायद्याला तेव्हा पन्नास वर्षे झाली होती, आणि ग्रामीण कर्जात सहकाराचा वाटा जेमतेम ३ टक्के निघाला. सहकार फसला आहे, पण तो यशस्वी झालाच पाहिजे, असे त्या समितीने सांगितले आणि उपाय म्हणून शासनाने भागभांडवलात भागीदार व्हावे असे सुचवले. त्याने संस्थांना पैसा मिळाला, कारखाने उभे राहिले, जिल्हा बँका गावात पोचल्या. विठ्ठलराव विखे पाटील, धनंजयराव गाडगीळ, वैकुंठभाई मेहता यांच्या कामाबद्दल मला आदर आहे आणि तो वर्गात मी मुलांपर्यंत पोचवला. पण शासन भागीदार झाले, निबंधक झाले, निवडणूक घेणारे झाले, प्रशासक नेमणारे झाले. एवढे सगळे अधिकार घेतल्यावर पैसे बुडतात त्या दिवशी मात्र शासन म्हणते, संस्था स्वायत्त आहे. हे मला पटत नाही.

माझ्या तक्रारी आता एकेक करून सांगते.

आमचा ठेवीदार आणि बँकेचा ठेवीदार यांच्यात आपण दरी पाडली आहे. देशात १९६० साली पलाई सेंट्रल बँक बुडाली. १९६२ पासून बँक ठेवींना विमा मिळू लागला, तेव्हा मर्यादा १,५०० रुपये होती. १९६८ च्या दुरुस्तीने सहकारी बँकांच्या ठेवीदारांना त्यात आणायची वाट झाली. १९९३ मध्ये मर्यादा १ लाख झाली. सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबईतली एक मोठी सहकारी बँक रिझर्व्ह बँकेच्या निर्बंधांत अडकली, लोक रस्त्यावर आले, आणि ४ फेब्रुवारी २०२० पासून मर्यादा ५ लाख झाली. २०२१ च्या दुरुस्तीने निर्बंध लागल्यापासून ९० दिवसांत विम्याची रक्कम द्यायचे बंधन आले. दर धक्क्यानंतर बँकेच्या ठेवीदारासाठी काहीतरी झाले. पतसंस्था या विम्याच्या कक्षेत कधीच नव्हत्या, आजही नाहीत. गेल्या तीस-चाळीस वर्षांत राज्यात किती पतसंस्था बुडाल्या, आपल्या खात्याच्याच दप्तरात बघावे. त्यातल्या एकाही धक्क्याने आमच्यासाठी असा कायदा आणला नाही.

या विम्याचा हप्ता किती, तेही सांगते, कारण 'परवडणार नाही' हे उत्तर आम्हाला फार वेळा मिळाले आहे. २०२० मध्ये तो शेकडा १२ पैसे ठरला. म्हणजे १ लाखाच्या ठेवीवर वर्षाला १२० रुपये, आणि तो बँकेने भरायचा, ठेवीदाराकडून घ्यायचा नाही. पतसंस्थांचा धोका जास्त आहे, म्हणून हप्ता दुप्पट धरा, तिप्पट धरा. वार्षिक सभेच्या फराळावर आणि भिंतीवरच्या कॅलेंडरांवर जो खर्च होतो तो बघता, हे जड जाऊ नये.

दुसरी तक्रार अवसायनाच्या मुदतीची आहे, आणि माझा सगळ्यात जास्त राग इथे आहे. जर्मनीत कायद्याने १ लाख युरोपर्यंतची ठेव परत करायची वेळ आली तर ती सात कामकाजाच्या दिवसांत द्यावी लागते. आपल्या बँकेच्या ठेवीदाराला ९० दिवस. आमच्या अधिनियमात अवसायन सहा वर्षांत पूर्ण करायचे असते, आणि एकेका वर्षाने वाढवत ते दहा वर्षांपर्यंत नेता येते. सात दिवस, नव्वद दिवस आणि दहा वर्षे. ८१ वर्षांच्या बाईने दहा वर्षे थांबायचे, असे हा कायदा म्हणतो. त्या काळात कलम ८८ खाली जबाबदारी निश्चितीची चौकशी चालते, कलम १०१ चे वसुली दाखले निघतात, त्यांवर अपिले होतात, तारण दिलेल्या जमिनींवर आधीच कोणाचा तरी बोजा निघतो. १९९९ चा ठेवीदार संरक्षण कायदा आहे, त्याखाली गुन्हे दाखल होतात आणि मालमत्ता जप्त होतात, पण जप्तीपासून लिलावापर्यंत आणि लिलावापासून ठेवीदाराच्या हातापर्यंतचा रस्ता इतका लांब आहे की आमच्यातले काहीजण तो संपण्याआधीच गेले.

तिसरी तक्रार अशी की धोका आधी दिसतो, पण तो आम्हाला सांगितला जात नाही. आमच्या संस्थेच्या बाबतीत नंतर फेरलेखापरीक्षण झाले तेव्हा कळले, की संचालकांच्या नातेवाइकांना दिलेली कर्जे जुन्या कर्जावर नवे कर्ज टाकून 'नियमित' दाखवली जात होती. ही गोष्ट एका वर्षात घडत नाही. कोणीतरी ते कागद दरवर्षी हातात घेतले, वर्ग दिला, सही केली. दोष दुरुस्ती अहवाल कुठल्यातरी कपाटात पडला. ठेवीदाराने मागितला तर 'आपण सभासद आहात का' हा प्रश्न येतो, आणि नाममात्र सभासदाला तो मिळत नाही.

चौथी, थोडक्यात: ठेव पावतीवर कुठेही लिहिलेले नसते की या ठेवीला विमा नाही. सिगारेटच्या पाकिटावर इशारा छापायला लावता येतो तर पावतीवर का नाही?

आणि पाचवी, काही संस्था बहुराज्यीय (एकाहून जास्त राज्यांत काम करण्याची) नोंदणी घेऊन दिल्लीच्या केंद्रीय निबंधकांच्या अखत्यारीत गेल्या आहेत. त्यांच्या शाखा नाशिकच्या गल्लीत, ठेवीदार नाशिकचे, आणि तक्रारीला दिल्ली. राज्याने आपला हात झटकला की गावातल्या माणसाला कोणीच उरत नाही.

मला उत्तर काय मिळेल याचा अंदाज आहे. जर्मनी श्रीमंत देश आहे, तिथली माणसे शिस्तीची आहेत, आपल्याकडे ते जमणार नाही. पण रायफायझनने सुरुवात केली तेव्हा त्याच्या गावात लोक उपाशी होते. ज्या सालात त्यांनी परीक्षण सक्तीचे केले, त्याच १८८९ च्या फेब्रुवारीत बडोद्यात विठ्ठल लक्ष्मण कवठेकर या मराठी माणसाने 'अन्योन्य सहायकारी मंडळी' उभी केली होती, कोणताही सहकारी कायदा नसताना. आपल्या लोकांना एकमेकांसाठी उभे राहता येत नाही, हे मी मानायला तयार नाही. द्राक्षाच्या गारपिटीत शेजारच्या बागेत रात्री मदतीला जाणारा हाच तालुका आहे.

दुसरा आक्षेप जास्त विचारात घेण्यासारखा आहे. जर्मनीत या सुरक्षिततेची किंमत मोजली गेली. १९७० च्या सुमारास तिथे सुमारे ७,००० सहकारी बँका होत्या, आज त्या ७०० च्याही खाली आल्या आहेत. लहान संस्था मोठ्यांत विलीन झाल्या, खेड्यांतल्या शाखा बंद झाल्या. जी संस्था गावापुरती असावी असे रायफायझन सांगत होता, ती आता जिल्ह्याएवढी झाली. मला हे आवडत नाही. आमच्या बाजारपेठेतल्या छोट्या पतसंस्था टिकाव्यात असेच मला वाटते, कारण पिग्मी एजंटला ओळखणारी माणसे तिथेच असतात, आणि या तालुक्यात चांगल्या चालवलेल्या संस्थाही आहेत ज्यांना या सगळ्या बदनामीची झळ बसते. पण वेळेत झालेले विलीनीकरण आणि उशिरा आलेले अवसायन यांतून निवडायचे असेल तर मी विलीनीकरण निवडेन. शाखा लांब गेली तर एसटीने जाता येते.

आपल्या अधिनियमात अलीकडे बिगरकृषी पतसंस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण घातले गेले, नियामक मंडळाची आणि स्थिरीकरण व तरलता साहाय्य निधीची तरतूद झाली, याची मला जाणीव आहे. कल्पना योग्य दिशेची आहे, रायफायझनच्या वारसांनी १९३४ मध्ये जे केले त्याच्या जवळ जाणारी आहे. म्हणूनच तिचा पाठपुरावा मागते आहे. अनेक संस्थांच्या संचालकांनी या निधीत भरायच्या अंशदानाला (वर्गणीला) विरोध केला, त्यांनाही या पत्रातून विनंती आहे: चांगल्या संस्थेने बुडणाऱ्या संस्थेसाठी का भरायचे, असे आपण विचारता. शेजारची बुडते तेव्हा तुमच्याही दारात रांग लागते, म्हणून.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

पतसंस्थांतल्या लहान ठेवीदाराला एका ठरलेल्या रकमेपर्यंत कायद्याने हमी द्यावी. त्यासाठी संस्थांचे अंशदान सक्तीचे करावे, ते धोक्याच्या प्रमाणात कमी-जास्त असावे, सुरुवातीचे भांडवल शासनाने घालावे आणि निधीत किती जमले, कोणाला किती दिले, हे दरवर्षी मराठीत जाहीर करावे. अंशदान न भरणाऱ्या संस्थेला नवी ठेव घेऊ देऊ नये.

ठेवींची रक्कम एका मर्यादेपलीकडे गेलेल्या प्रत्येक पतसंस्थेचा लेखापरीक्षक बाहेरून नेमावा. नेमणूक नियामक मंडळाने करावी, फी संस्थेकडून मंडळाने घेऊन मंडळानेच द्यावी, आणि तीच व्यक्ती सलग तीन वर्षांपेक्षा जास्त त्या संस्थेत नसावी. सभेत अहवाल वाचायला परीक्षक स्वतः हजर असावा. ज्याने 'अ' वर्ग दिला आणि संस्था लगेच बुडाली, त्याच्या कामाची चौकशी आपोआप सुरू व्हावी.

अवसायन दोन वर्षांत संपवण्याचे बंधन घालावे. तोपर्यंत निधीतून ठेवीदाराला रक्कम देऊन वसुलीची लढाई निधीने लढावी. आजारी आणि ७० वर्षांवरील ठेवीदारांना आधी द्यावे. मुदतवाढ हवी असेल तर अवसायकाने ठेवीदारांच्या सभेत येऊन कारण सांगावे, शटरवर कागद चिकटवून जाऊ नये.

प्रत्येक ठेव पावतीवर, पिग्मीच्या पुस्तकावर आणि शाखेच्या दारावर विम्याची खरी स्थिती मोठ्या अक्षरांत छापावी. नाशिक जिल्ह्यातल्या प्रत्येक पतसंस्थेचा वर्ग, थकबाकीची टक्केवारी आणि संचालकांच्या नातेवाइकांना दिलेल्या कर्जाची एकूण रक्कम, असे एक पान प्रत्येक तालुक्याच्या सहायक निबंधक कार्यालयाच्या फलकावर लावावे. त्यासाठी कायदा बदलायची गरज आहे असे मला वाटत नाही. एका परिपत्रकाने पुढच्या महिन्यापासून सुरू होऊ शकते.

बहुराज्यीय संस्थांच्या शाखांसाठी जिल्ह्यात तक्रार घेणारा एक अधिकारी असावा, यासाठी राज्याने केंद्रीय सहकार मंत्रालयाशी लेखी बोलणी करावीत आणि ती जाहीर करावीत.

निफाड, दिंडोरी, सिन्नर, येवला, चांदवड इथले ठेवीदार या मागण्यांवर सह्या गोळा करत आहेत. त्या घेऊन आम्ही नाशिकच्या कार्यालयात येऊ. आमच्याशी भेटीची तारीख आणि वेळ आपण लेखी कळवावी, आणि त्या भेटीला अवसायकांनाही बोलवावे.

आपली,
एक ठेवीदार, निवृत्त शिक्षिका
निफाड तालुका, जि. नाशिक